राखीव सैनिक आणि सदसद्विवेक

२०२५ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. पावसाची पहिली सर नुकतीच येऊन गेली होती. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी घराकडे वळलो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण वाटेत थांबलेला दिसला. वय अठ्ठावीस. एका कंपनीत अभियंता. घरची केळीची वाडी. पावसाळ्यात गावच्या संघातून फुटबॉल खेळणारा, हिवाळ्यात सह्याद्रीतले गड पालथे घालणारा आणि एकदा रजा साठवून उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करून आलेला. तो म्हणाला, ‘‘फादर, टेरिटोरियल आर्मीचा अर्ज भरतोय. प्रार्थनेत आठवण ठेवा.’’ मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि त्या प्रसंगाचा फारसा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई आली. खुर्चीवर न बसता दारातूनच बोलली, ‘‘फादर, तो तुमचा शब्द मोडणार नाही. त्याला सांगा, खेळायचं तेवढं खेळ, डोंगर चढ, मी कधी अडवलं नाही. पण हे नको.’’

त्या माउलीने नकळत एक सीमारेषा आखली होती. खेळ चालेल, साहस चालेल, सैन्य नको. तिच्या मुलाच्या लेखी मात्र ही तिन्ही एकाच वाटेवरची पुढची पुढची गावे होती. दोघांपैकी कोणाचे खरे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून बसला आहे.

प्रादेशिक सेना म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १९४८ च्या कायद्याने या सेनेची स्थापना झाली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिच्यात भरती होणाऱ्या नागरिकाने आपला नोकरी-व्यवसाय सोडायचा नसतो. किंबहुना उपजीविकेचे साधन असणे हीच अधिकारीपदासाठीची एक अट आहे. वर्षाचा बहुतेक काळ त्याने आपल्या कचेरीत, दुकानात वा शेतात काढावा, वर्षातून ठरावीक काळ – अधिकाऱ्यांच्या बाबतीत साधारणतः दोन महिने – गणवेश चढवून प्रशिक्षण घ्यावे आणि राष्ट्राने हाक दिली की हातातले काम टाकून निघावे, अशी ही योजना. ती केवळ कागदावर राहिलेली नाही. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आणि १९९९ च्या कारगिल संघर्षातही या सेनेने आपला वाटा उचललेला आहे.

त्या आईच्या भीतीलाही ताजे कारण होते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला त्याच दिवसांत, ६ मे रोजीच्या आदेशाने केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतील अधिकारी व जवानांना पाचारण करण्याचा अधिकार दिला. सेनेच्या बत्तीस पायदळ पलटणींपैकी चौदा पलटणी तैनात करण्याची त्यात तरतूद होती. वर्तमानपत्रातील ती बातमी आईनेही वाचली होती आणि मुलानेही. आईला तीत धोका दिसला, मुलाला हाक ऐकू आली.

आता खेळ आणि साहस यांकडे वळू. या दोहोंविषयी ख्रिस्तसभेने कधी नाक मुरडलेले नाही. करिंथकरांना लिहिताना संत पौल शर्यतीत धावणाऱ्या खेळाडूचे उदाहरण देतो आणि त्याच्या संयमाचा धडा श्रद्धावंतांपुढे ठेवतो. पोप अकरावे पायस, म्हणजे पूर्वाश्रमीचे आकिले रात्ती, हे तरुणपणी कसलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली मोंते रोझाचे सर्वोच्च शिखर त्याच्या बिकट पूर्व बाजूने चढताना त्यांना एका अरुंद कपारीवर रात्र जागून काढावी लागली होती. पुढे पोप झाल्यावर १९२३ मध्ये त्यांनी मंथॉनचे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. थंडीने बधिर झालेली बोटे आणि सोबत्याच्या कमरेला बांधलेला दोर माणसाला जे शिकवतात, ते प्रवचनाने शिकवता येत नाही. आपला जीव दुसऱ्याच्या हाती आहे आणि दुसऱ्याचा आपल्या हाती, हे ज्ञान तिथे अंगात भिनते.

आपल्या देशातही सैन्य, खेळ आणि गिरिभ्रमण यांचे नाते जुने आहे. १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहण संस्था निघाली आणि तेनसिंग नोर्गे तिचे पहिले क्षेत्रप्रशिक्षण संचालक झाले. १९६५ मध्ये उत्तरकाशीची संस्था स्थापन झाली. सैन्याने या साहसाला नेहमीच आपले मानले. प्रादेशिक सेनेने तर नामवंत खेळाडूंना मानद हुद्दे बहाल केले : २००८ मध्ये कपिल देव, २०११ मध्ये महेंद्रसिंग धोनी व अभिनव बिंद्रा, २०२५ मध्ये नीरज चोप्रा. धोनीने पॅराशूटच्या उड्या घेतल्या आणि २०१९ मध्ये काश्मीरमध्ये आपल्या पलटणीबरोबर काही दिवस काढले. अशा छायाचित्रांकडे पाहून एखाद्या तरुणाला मैदान, पर्वत आणि छावणी या तिन्ही जागा सारख्याच वाटू लागल्या, तर त्यात नवल नाही.

परंतु त्या सारख्या नाहीत. आईच्या बोलण्यातील सत्य इथे आहे. मैदानावर समोर उभा असतो तो प्रतिस्पर्धी. शिट्टी वाजली की त्याच्या गळ्यात हात टाकून आपण घरी येतो. डोंगरावर धोका असतो, पण तो आपण स्वतः पत्करलेला असतो. हवा बिघडली तर परत फिरण्याची मुभा असते आणि शहाणा गिर्यारोहक तीच वाट धरतो. शिवाय डोंगराला बायकामुले नसतात. सैनिकाचा धोका दुसरे कोणी ठरवते, परतीचा निर्णयही दुसरे कोणी घेते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो धोका त्याला केवळ सोसायचा नसतो, प्रसंगी दुसऱ्यावर लादायचाही असतो. दोराच्या टोकाला असलेल्या सोबत्याला वाचवणारा हात आणि बंदुकीचा चाप ओढणारा हात एकच असला, तरी त्या दोन कृतींचा नैतिक भार एक नाही.

धैर्य हा सद्गुण आहे खरा. पण तो एकट्याने सद्गुण राहत नाही. न्यायाची सोबत सुटली की धैर्य दुष्टतेच्याच कामी येते, असा इशारा संत अम्ब्रोझ यांनी चौथ्या शतकात देऊन ठेवला आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते तर चाल करून जाण्यापेक्षा संकटात अढळ टिकून राहणे हे धैर्याचे अधिक खरे लक्षण होय. चपळ पाय, खंबीर छाती आणि न डगमगणारी नजर ही सारी उत्तम साधने आहेत. ती कोणत्या कामी यावीत, हे ठरवणारी शक्ती मात्र स्नायूंत नसते, सदसद्विवेकात असते. शरीराच्या प्रशिक्षणासाठी वर्षाचे दोन महिने नेमून दिलेले आहेत. विवेकाच्या प्रशिक्षणासाठी किती?

या ठिकाणी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. गुरुदीक्षा होऊन मला फार वर्षे झाली नव्हती. १९७१ च्या युद्धात लढलेले एक वृद्ध गृहस्थ आजारी होते म्हणून मी त्यांना भेटायला गेलो होतो. ते पापनिवेदन नव्हते. आम्ही सहज बोलत बसलो होतो. बोलता बोलता ते म्हणाले, ‘‘फादर, एक पोरगा होता. माझ्यापेक्षाही लहान असेल.’’ आणि थांबले. मी घाईघाईने म्हणालो, ‘‘बाबा, तुम्ही देशासाठी लढलात. त्यात पाप कसलं?’’ त्यांनी माझ्याकडे पाहिले, मान डोलावली आणि वाडीतल्या पाण्याविषयी बोलू लागले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. थोड्याच महिन्यांत ते निवर्तले. मी दिलेले उत्तर नीतिशास्त्राच्या वर्गात कदाचित बरोबर ठरले असते. पण त्यांनी मला उत्तर विचारले नव्हते. त्यांना एका मेलेल्या मुलाविषयी बोलायचे होते आणि मी त्यांच्या तोंडावर दार लावले. त्यांनी कायदा मोडला नव्हता, कर्तव्यात कसूर केली नव्हती, आणि तरीही त्यांच्या मनात काहीतरी तीस वर्षे जागे राहिले होते. आज मला वाटते, त्यांचे ते जागेपण हीच त्यांच्या सदसद्विवेकाची शाबूत असल्याची खूण होती. त्याला निजवण्याचा अधिकार मला नव्हता.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळालेले नाही. योहान बाप्तिस्मा देणाऱ्याकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना शस्त्र टाकायला सांगितले नाही. कोणाला धाकदपटशा दाखवून लुबाडू नका, आपल्या वेतनात समाधानी राहा, असे बजावले. प्रभू येशूने एका रोमन शताधिपतीच्या विश्वासाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. उलटपक्षी इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तेबेस्सा येथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने सैन्यात दाखल होण्यास नकार देऊन मरण पत्करले, आणि ख्रिस्तसभेने त्याला हुतात्मा म्हणून गौरवले. तूरचे संत मार्टिन आधी घोडदळातले शिपाई होते. अमियाँच्या वेशीवर त्यांनी आपला झगा तलवारीने कापून अर्धा एका भिकाऱ्याला दिला आणि पुढे ती तलवारच खाली ठेवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात दोन्ही वाटांचा मान राखला. जे देशाच्या सुरक्षिततेसाठी सैन्यात प्रामाणिकपणे सेवा करतात ते शांततेलाच हातभार लावतात, असे तिने मानले. आणि विवेकाच्या कारणास्तव जे शस्त्र घेण्यास नकार देतात त्यांच्यासाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करावी, असेही सुचवले.

राखीव सैनिकाला सर्वांत जवळचे वाटावे असे चरित्र मात्र ऑस्ट्रियातील फ्रांझ येगरश्टेटर यांचे आहे. शेतकरी, तीन मुलींचा बाप, गावच्या चर्चची देखभाल करणारा सेवक. १९४० मध्ये त्यांना सैन्यात बोलावण्यात आले. १९४१ पर्यंत त्यांनी प्रशिक्षण घेतले आणि शेतीच्या कामासाठी ते घरी परतले. दोन वर्षे नांगर धरला. १९४३ च्या फेब्रुवारीत पुन्हा बोलावणे आले, तेव्हा त्यांनी नाझी राजवटीसाठी लढण्यास नकार दिला. बिशपांनीही त्यांना कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली होती. ते ठाम राहिले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. पहिल्या हाकेपासून दुसऱ्या हाकेपर्यंतच्या त्या दोन वर्षांत त्यांनी काय केले? शेती केली, प्रार्थना केली, वाचन केले आणि विचार केला. बंदूक दूर होती त्या काळात त्यांचा विवेक कामाला लागला होता.

वाचकहो, आपल्या देशाची नाझी जर्मनीशी तुलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. आपले सैन्य लोकनियुक्त शासनाच्या आज्ञेत आहे आणि प्रादेशिक सेनेत सक्तीची भरती नाही. या चरित्रातून मला एवढेच घ्यायचे आहे की राखीव सैनिकाच्या नैतिक जीवनाचा मुख्य काळ शिबिराचा नव्हे, दोन शिबिरांमधला असतो.

इथे संत पौलाचे आणखी एक वचन माझ्या आड येते. तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो लागोपाठ तीन माणसे उभी करतो : शिपाई, खेळाडू आणि कष्टाळू शेतकरी. आणि शिपायाविषयी तो म्हणतो की, ज्याला आपल्या सरदाराला संतुष्ट करायचे आहे तो प्रपंचाच्या उद्योगांत गुंतत नाही. सेमिनरीत असताना हे वचन आम्ही आपल्या ब्रह्मचर्याला लावून घेत असू. राखीव सैनिक तर गुंतलेलाच असतो. ती त्याची व्याख्याच आहे. पौलाचे शिपाई, खेळाडू आणि शेतकरी त्याच्या एकाच अंगरख्यात राहतात. मग तो अर्धाच शिपाई म्हणायचा का?

पुष्कळ विचारांती मला असे वाटते की, पौलाने सांगितलेली निष्ठा अविभक्त मनाची आहे, मोकळ्या हातांची नव्हे. मी स्वतः संसारी नाही, पण धर्मग्रामाच्या शंभर भानगडींत आकंठ गुंतलेलो असतो, आणि त्या गुंतवणुकीनेच मला माणसात ठेवले आहे. राखीव सैनिकाचेही तसेच असावे. ज्याला केळीच्या लोंगराचा भाव ठाऊक आहे, ज्याने आदल्या महिन्यात शेजाऱ्याच्या मयताला खांदा दिला आहे, तो समोरच्या माणसाचेही घर असेल हे सहजी विसरत नाही. प्रपंचाचा हा धागा सैनिकाला दुबळा करत नाही. तो त्याला हिंस्र होऊ देत नाही. याच सेनेने १९८२ मध्ये डेहराडून-मसुरीच्या परिसरात खाणींनी उजाड केलेल्या डोंगरांवर झाडे लावण्यासाठी एक खास पलटण उभारली, ही गोष्ट मला यशया संदेष्ट्याच्या स्वप्नाची आठवण करून देते.

परंतु या गुंतवणुकीची किंमत एकटा सैनिक भरत नाही. राखीव सैनिक सेवेवरून परतल्यावर मालकाने त्याला कामावर पुन्हा घ्यावे, असे बंधन कायद्याने घातले आहे. आईवर कोणते बंधन घालणार? तो छावणीत असताना वाडीला पाणी कोण देणार, वडिलांना दवाखान्यात कोण नेणार, रात्री फोन वाजला की कोणाच्या छातीत धस्स होणार? साहसी माणसाला आपल्या शौर्याचा हिशेब ठेवता येतो. घरच्यांच्या शौर्याचा हिशेब बहुधा कोणी ठेवत नाही. त्यांचा होकार गृहीत धरून केलेला त्याग हा अंशतः दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म असतो.

मी त्या तरुणाला बोलावून घेतले. त्याला जाऊ नकोस असे सांगितले नाही. तो निर्णय माझा नव्हता. मी त्याला तीन प्रश्न विचारले. पहिला, या सेवेत खेळ नसता, पर्वत नसता, गणवेशाची ऐट नसती, तरी तू गेला असतास का? दुसरा, एखादी आज्ञा न्यायाला सोडून आहे असे तुला स्वच्छ दिसले, तर नाही म्हणण्याचे बळ तू कुठून आणणार? तिसरा, आईला तू कळवले आहेस की विचारले आहेस?

पहिल्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘खरं सांगू फादर? सुरुवात डोंगरापासूनच झाली. पण आता नाही म्हटलं, तर दुसऱ्या कोणाला तरी जावं लागेल, हेच डोक्यात येतं.’’ दुसऱ्या प्रश्नावर त्याने प्रामाणिकपणे ‘‘माहीत नाही’’ असे सांगितले. तिसऱ्या प्रश्नावर त्याने मान खाली घातली.

त्या रात्री तो आईजवळ बसला. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पुढच्या रविवारी ती माउली भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, ‘‘मी हो म्हटलं नाही, फादर. पण त्यानं विचारलं.’’ मुलाने अर्ज भरला. निवड होईल वा न होईल.

मी मात्र त्या दिवसापासून स्वतःला एक चौथा प्रश्न विचारतो आहे. पंधरा ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाबरोबरच आपण चर्चच्या अंगणात ध्वज फडकवतो, जवानांसाठी प्रार्थना करतो, मुलांना मिठाई वाटतो. ते सर्व योग्यच आहे. पण त्या जवानांपैकी एखादा परत येऊन, छाती न फुगवता, हलक्या आवाजात काही सांगू लागला, तर ते ऐकून घेण्याची आपल्या धर्मग्रामाची तयारी आहे का? सैन्य राखीव ठेवता येते, बळ राखीव ठेवता येते, वर्षाचे दोन महिनेही राखून ठेवता येतात. सदसद्विवेक तसा राखून ठेवता येत नाही; ना त्या तरुणाला, ना त्याला आशीर्वाद देऊन धाडणाऱ्या आपल्याला. तो निघाला तर पापनिवेदनाच्या कट्ट्यावर आणि त्याबाहेरही त्याची वाट पाहण्याचे काम माझे आहे. या वेळी मी घाईने उत्तर देणार नाही, एवढे वचन मी त्या दिवंगत वृद्धाच्या कबरीपाशी उभा राहून दिले आहे.